घरची थंड कॉफी : थोडे शास्त्र, थोडी कृती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी उन्हाळी संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी वक्त्याने ज्ञानेश्वरीवर बोलावे, मराठी रंगभूमीवर बोलावे, निदान मंडळाच्या वाटचालीवर तरी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. ते सर्व विषय आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून हाताळले आहेत. आमच्या वाट्याला आली आहे ती थंड कॉफी. बाहेर पारा चव्वेचाळीस अंशांवर असताना या विषयाला श्रोते लाभतील, एवढा भरवसा आम्हांला होता; तो आपण खरा केलात याबद्दल आभार.

तथापि विषय केवळ जिभेचा आहे असे आम्ही मानीत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या बहुतेक घरांत एक बदल होत आला आहे. पूर्वी मुलांचे मित्र घरी येत. आता मुले त्यांना बाहेर, कॉफीच्या दुकानात भेटतात. तेथे गारवा असतो, फेसाळ पेला समोर येतो आणि दोन तास कोणी उठवीत नाही. यात मुलांचा दोष नाही. माणसे जेथे निवांत बसता येते तेथे जमतात. परंतु आपण मुलखापासून दूर राहणारी माणसे. मुलांचे मित्र घरी आले नाहीत, तर आपली भाषा त्यांच्या कानी पडत नाही आणि आपल्या मुलांनाही ती चारचौघांत संकोच न वाटता बोलण्याचा सराव उरत नाही. मराठी ही मग आजीशी फोनवर बोलण्यापुरती भाषा होऊन बसते. दुकानातल्यासारखा पेला घरी निघू लागला म्हणजे हा प्रश्न सुटेल, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. पण घरी बसण्याचे एक निमित्त तरी मिळेल, आणि निमित्ते काही थोडीथोडकी महत्त्वाची नसतात. हळदीकुंकू हेही एक निमित्तच की!

आता कॉफी ही आपली नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. वास्तविक ती मुळात कोणाचीच नव्हती. बाबा बुदन नावाच्या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी कथा सांगतात. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आज भारतातील कॉफीचे सर्वांत मोठे पीक कर्नाटकात निघते आणि त्याखालोखाल केरळ व तमिळनाडूत. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला 'इंडिया कॉफी हाउस' सुरू झाले. पुढे कॉफी बोर्डाने ही कॉफीगृहे बंद करण्यास सुरुवात केली, तेव्हा १९५७ पासून तेथील कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालवावयास घेतली. आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांच्या तरुणपणातील वादविवाद त्याच टेबलांभोवती रंगले असतील.

मराठी घराने कॉफीला स्वतःचे वळण दिले ते जायफळाने. दूध, साखर, कॉफी आणि वर किसलेले जायफळ, कोठे एखादा वेलदोडा. रात्रीच्या गाण्याच्या बैठकीत मध्यंतराला येणारी कॉफी तिच्या वासावरूनच आपली म्हणून ओळखू येते. दक्षिणेतील शेजाऱ्याला आपले जायफळ चमत्कारिक वाटते आणि आपल्याला त्याची चिकोरी. दोन्ही गोष्टींचा थंड कॉफीत उत्तम उपयोग होतो, हे पुढे दिसेल.

थंड कॉफीचा इतिहासही मनोरंजक आहे. अल्जीरियातील माझाग्रान या गावाच्या नावाने ओळखली जाणारी थंड, गोड कॉफी फ्रेंच सैनिकांनी १८४० च्या सुमारास प्रचारात आणली असे मानतात. १९५७ साली ग्रीसमध्ये थेसालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात एका कंपनीचे कर्मचारी दिमित्रिस वाकोंदिओस यांना गरम पाणी मिळेना. त्यांनी झटपट कॉफीची पूड, थंड पाणी व बर्फ झाकणाच्या पेल्यात घालून हलविले आणि दाट फेसाची 'फ्रापे' जन्मास आली. अमेरिकेत १९९५ पासून बर्फासकट घुसळलेली दाट कॉफी मोठ्या दुकानांतून विकली जाऊ लागली आणि तीच पुढे आपल्या शहरांत आली. आपल्याकडे मात्र त्यापूर्वीच मिक्सरमध्ये घुसळलेली 'कोल्ड कॉफी' घरोघर होत होती. १९६३ मध्ये अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी मुंबईत तयार केलेला 'सुमीत' मिक्सर पाट्यावरवंट्याची कामे उरकू लागला, आणि वाटण झाल्यावर धुतलेल्या भांड्यात दूध, कॉफी व बर्फ पडू लागला.

बर्फाचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. हाही परदेशाहून आलेला पाहुणा. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्यास जहाजाने बर्फ पाठविला. सुमारे १८० टन बर्फ निघाला आणि चार महिन्यांचा समुद्रप्रवास करून त्यातील शंभर टनांच्या आसपास पोहोचला. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर बर्फ साठविण्यासाठी बांधलेले गोल 'आइस हाउस' आजही उभे आहे. येमेनचे बी, बोस्टनचा बर्फ, आपले जायफळ आणि आपल्या म्हशीचे दूध अशी ही पंगत आहे.

असो. आता कृतीकडे वळू. घरची थंड कॉफी दुकानातल्यासारखी का होत नाही, याची तक्रार बहुधा तीन प्रकारची असते : ती पाणचट होते, तळाशी साखर राहते, आणि फेस क्षणात विरून खाली पातळ दूध उरते. या तिन्हींची कारणे समजली की पाककृती पाठ करावी लागत नाही.

पहिली गोष्ट पाणचटपणाची. येथे शाळेतील पदार्थविज्ञान कामास येते. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. म्हणजे ८० अंश तापलेले ५० मिलिलिटर डिकॉक्शन शून्य अंशापर्यंत निववावयाचे, तर ५० ग्रॅम बर्फ वितळून त्याचे पाणी होणार. आपल्या ट्रेमधील खडा २० ग्रॅमचा धरला तर हे अडीच खडे झाले. त्यात ३० अंशांचे १५० मिलिलिटर दूध ओतले तर आणखी सुमारे ५० ग्रॅम बर्फ खर्ची पडतो. दोनशे मिलिलिटर कॉफीत शंभर मिलिलिटर पाणी आपण स्वहस्ते घातले! उलट दूध व डिकॉक्शन दोन्ही आधी फ्रिजमध्ये ठेवून ५ अंशांवर आणली, तर हेच काम १२ ग्रॅम बर्फात होते. तेव्हा पहिला नियम असा की बर्फ गार करण्यासाठी घालू नये. आधीच गार असलेल्या कॉफीला दाटपणा आणण्यासाठी घालावा.

याच्याही पुढची युक्ती म्हणजे पाण्याच्या बर्फाऐवजी दुधाचा बर्फ. तापवून निववलेले दूध बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावे. हे खडे मिक्सरमध्ये फिरले की कुल्फीच्या कुळातील दाटपणा येतो, आणि ते वितळले तरी पेल्यात दूधच मिसळते. उरलेल्या डिकॉक्शनचेही असेच खडे करून ठेवता येतात.

दुसरी गोष्ट साखरेची. थंड द्रवात साखर फार सावकाश विरघळते. म्हणून ती गरम डिकॉक्शनमध्येच घालून ढवळावी आणि मग ते निवू द्यावे. शिवाय थंडपणामुळे जिभेला गोडी कमी जाणवते व कॉफीचा वासही दबतो. गरम कॉफीला जे प्रमाण पुरते ते थंडीला फिके लागते, ते यामुळेच. उपाय म्हणजे डिकॉक्शन नेहमीपेक्षा कडक काढणे. साखर मात्र बेताने वाढवावी. जायफळ-वेलदोड्याचा वास गोडीची उणीव बरीच भरून काढतो. गूळ वापरणाऱ्यांना एक सोय आहे : गरम दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची भीती असते; गार डिकॉक्शन आणि गार दूध यांच्या मेळात ती जवळजवळ राहत नाही.

तिसरी गोष्ट फेसाची व दाटपणाची. या दोन्ही गोष्टी एक नव्हेत. फेस धरून ठेवतात ती दुधातील प्रथिने. तोंडात रेशमासारखा गुळगुळीतपणा येतो तो स्निग्धांशामुळे. साय काढलेल्या दुधाचा फेस उंच येतो पण प्यायला पोकळ लागतो. सायीच्या दुधाचा फेस ठेंगणा, पण पेय भरीव. बाजारातील पिशव्यांत फुल क्रीम दुधात ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का स्निग्धांश असतो. आमचा कौल फुल क्रीम दुधाला, त्यात एक मोठा चमचा दुधाची भुकटी घालून. भुकटीने प्रथिने वाढतात आणि फेसही टिकतो. साध्या दुधावर भागवावयाचे असेल तर बासुंदीच्या वाटेवर थोडे चालावे : एक लिटर दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवून गार करावे. उपवासाच्या घरी सहा-आठ काजू भिजवून वाटून घातले तरी चालते.

सायीविषयी एक सावधगिरी. तापवून निववलेल्या दुधावरची जाड साय तशीच मिक्सरमध्ये गेली आणि दूध पुरेसे गार नसले, तर दोन मिनिटांत वर लोण्याचे कण तरंगू लागतात. लोणी काढताना आपण जे साधतो तेच येथे टाळावयाचे आहे. दूध गाळून घ्यावे, फ्रिजमधून थेट भांड्यात ओतावे आणि मिक्सर थांबत थांबत, एकूण मिनिटभरच चालवावा.

दुकानातील पेय तासभर दाटच कसे राहते, असे कुतूहल असणाऱ्यांसाठी सांगतो की कारखान्यात बनणाऱ्या अशा पेयांत पुष्कळदा वनस्पतिजन्य डिंक असतात. त्यांतील एक म्हणजे ग्वार गम. तो आपल्या गवारीच्या बियांतून काढतात आणि राजस्थानात त्याचे मोठे पीक होते. ज्या गवारीच्या भाजीवरून जेवणाच्या ताटावर रुसवेफुगवे होतात, तीच वेष बदलून पेल्यात आलेली असू शकते. घरी तिची गरज नाही. घरची कॉफी केली की प्यावी.

आता चार पेल्यांचे प्रमाण लिहून घ्यावे. ४० ग्रॅम कॉफीची पूड फिल्टरच्या वरच्या भांड्यात हलकेच दाबून भरावी व उकळते पाणी २४० मिलिलिटर, दोन खेपांत ओतावे. पूड बरेच पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली १६० मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन मिळते. चिकोरीमिश्रित पूड येथे उपयोगी पडते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफीन नसते, पण रंग व दाटपणा असतो. वीस-तीस टक्के चिकोरी पुरे. पाकिटावर प्रमाण छापलेले असते ते पाहून घ्यावे. डिकॉक्शन गरम असतानाच त्यात ६० ग्रॅम साखर विरघळवावी, निववावे आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. दूध अर्धा लिटर घ्यावे. त्यातील २०० मिलिलिटरचे आदल्या रात्री खडे करावेत आणि उरलेले ३०० मिलिलिटर गार ठेवावे.

ऐन वेळी मिक्सरच्या मोठ्या भांड्यात प्रथम डिकॉक्शन, दुधाची भुकटी आणि वाटीभर गार दूध घालून अर्धा मिनिट फिरवावे म्हणजे फेस धरतो. मग दुधाचे खडे, पाण्याच्या बर्फाचे चार-पाच खडे व उरलेले दूध घालून थांबत थांबत फिरवावे. भांडे दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये. न मावल्यास दोन खेपा कराव्यात. गरम द्रव झाकण लावून कधीही फिरवू नये. वाफेने झाकण उडते आणि अंग भाजते. चटणीच्या लहान भांड्यात बर्फ फोडू नये. मोठे खडे आधी स्वच्छ फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडून घेतले तर मिक्सर दुवा देईल. पेल्यात ओतल्यावर वरून जायफळ किसावे, चिमटीपेक्षा कमी.

फिल्टर नसलेल्यांनी झटपट कॉफीचे चार-पाच लहान चमचे चार मोठे चमचे कोमट पाण्यात साखरेबरोबर विरघळवून घ्यावेत. आणि वीज नसेल तर? या शहरात वीज नेमकी मे महिन्यातच जाते. तेव्हा घट्ट झाकणाच्या बरणीत कॉफी, साखर व थोडे गार पाणी घालून मुलांच्या हाती द्यावी. मिनिटभर खळखळून हलविली की बरणी फेसाने भरते. किंवा वाटीत कॉफी, साखर आणि पाण्याचे थेंब घालून चमच्याने पांढुरके होईपर्यंत फेटावे. २०२० च्या टाळेबंदीत ही फेटलेली कॉफी 'दालगोना' या कोरियन नावाने जगभर गाजली. आपल्या घरांतील अनेकींना ती कितीतरी आधीपासून ठाऊक होती. तेवढाही उद्योग नको असेल तर आपली ताक करण्याची रवी आहेच.

आता दोन शब्द प्रकृतीविषयी. बर्फासाठी पाणी पिण्याचेच, उकळून वा गाळून शुद्ध केलेले असावे. गोठविल्याने रोगजंतू मरतात हा समज चुकीचा आहे. कावीळ व विषमज्वराचे जंतू गोठूनही टिकतात. आम्ही सांगितलेल्या एका पेल्यात पुडीच्या जातीनुसार व चिकोरीनुसार शंभर मिलिग्रॅमच्या आसपास, कमी-अधिक कॅफीन येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे आणि जेवणाच्या तासभर आधी व नंतर चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला दिला आहे, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय किती आढळतो हे लक्षात घेता ही सूचना गंभीरपणे घ्यावी. गरोदर भगिनींनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. मधुमेह असणाऱ्यांनी साखर गाळून जायफळ-वेलदोड्यावर विसंबावे, पण दुधातही स्वतःची शर्करा असते हे विसरू नये. लहान मुलांना कॉफी नकोच; दुधाचेच खडे, केळे आणि वेलदोडा घालून त्यांचा पेला निराळा करावा, म्हणजे आपल्याला वगळले असे त्यांना वाटणार नाही.

शेवटी ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय स्वीकारला ती सांगतो. आत्ता बोलताना आम्ही किती क्रियापदे वापरली ती आठवून पाहा. साखर ढवळली. दूध आटवले. फेस यावा म्हणून कॉफी फेटली. ताक घुसळतात, वरण घोटतात, दहीभात कालवतात, कणीक मळतात, औषध खलतात, बाळगुटीचे जायफळ सहाणेवर उगाळतात आणि कॉफीवर तेच जायफळ किसतात. प्रत्येक क्रियेत हात निराळा फिरतो, म्हणून प्रत्येकीला शब्द निराळा. आपल्या तिसऱ्या पिढीची मुले या सर्वांसाठी 'मिक्स करणे' एवढाच शब्द वापरतात. ती मराठी विसरली असे आम्ही म्हणत नाही. ते हात त्यांनी कधी फिरवलेच नाहीत, मग शब्द कोठून यावेत? हे शब्द व्याकरणाच्या पुस्तकाने येत नाहीत. ओट्याजवळ उभे राहून कोणीतरी 'अगं, ढवळू नकोस, घुसळ' असे म्हणावे लागते, आणि तसे म्हणणारे माणूस घरी असेपर्यंतच ते म्हटले जाते. या मंडळाचे संस्थापक सभासद आज समोर बसले आहेत. पहिल्या रांगेतील काही खुर्च्या रिकाम्याही झाल्या आहेत. मुलखापासून दूर भाषा टिकविण्याचे काम मंडळाने पन्नास वर्षे नाटकांनी, गणेशोत्सवाने आणि ग्रंथालयाने केले. त्याची दुसरी बाजू घरातील ओट्यापाशी आहे आणि ती कोणतीही कार्यकारिणी सांभाळू शकणार नाही.

तेव्हा या सुट्टीत प्रत्येक घराने एका संध्याकाळी मुलांच्या मित्रांना बोलवावे, एवढीच आमची विनंती आहे. ते कोणत्याही भाषेचे असोत. रवी त्यांच्याही हाती द्यावी आणि ती फिरवताना करावयाच्या क्रियेचा शब्दही द्यावा. कॉफी बिघडली तरी चिंता नाही, पुढच्या वेळी जमेल.

मागच्या दालनात दुधाचे खडे फ्रीझरमध्ये तयार आहेत, डिकॉक्शन सकाळीच काढून गार केले आहे, आणि विजेचा भरवसा नसल्याने तीन रव्याही आणून ठेवल्या आहेत. बालमित्रांनी हात धुऊन प्रथम यावे. ज्येष्ठांनी घुसळण्याची देखरेख करावी. इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.